सड्यावरची रांगोळी

जांभ्याच्या छिद्रांत शिरलेली रांगोळी निघता निघत नाही. राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, आठवीच्या मुलांना हे कळलं, तेव्हा मीही त्यांच्यात उकिडवा बसलो होतो. राग अजून गेलेला नाही.

बेत साधा होता. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. नऊ ठिकाणं, त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यातली. कशेळीचा हत्ती १८ मीटरचा, त्याच्या अंगात सत्तरेक प्राणी कोरलेले. मुलांना हे पाठ होतं. गावच्याच सड्यावरचं, कुठल्याही यादीत नसलेलं चित्र मात्र बहुतेकांनी पाहिलं नव्हतं. म्हणून बाईंनी वर्ग वर नेला. सोबत मऊ झाडण्या, सुतळी, टेप आणि आलेखाचे कागद.

सकाळच्या तिरप्या उन्हात खाचेत सावली पडते आणि रेघ उठून दिसते. मुलांनी माती झाडली, सुतळीनं चौकटी आखल्या. बाईंनी वहीत ‘पक्षी?’ असं लिहिलं होतं. मासेमाराच्या घरची एक मुलगी रेघेच्या कडेकडेनं शेपटीपर्यंत चालत गेली. “बाई, हा पाकट आहे. आमच्या जाळ्यात येतो.” बाईंनी ‘पक्षी’ खोडला. तिथंच सहल सार्थकी लागली होती.

दहा वाजता साहेब आले, बरोबर फोटोवाला. ऊन डोक्यावर येत होतं, चित्र कातळात विरत चाललं होतं. साहेबांनी गाडीतून रांगोळीच्या पिशव्या काढल्या. “भरा रे रेघा!” कुणी ‘नको’ म्हटलं नाही. बाईंनी नाही, आणि मी तर नाहीच. मुलं खूश, हाताला काम, वर फोटो. दहा मिनिटांत पाकट पांढराशुभ्र झाला, त्याच्याभोवती मुलं उभी राहिली, फोटो निघाला, गाडी गेली.

मग गुरं घेऊन आलेले एक आजोबा थांबले. लहानपणापासून ते याच सड्यावर गुरं राखत आलेले. “बाय, भरलंत ते काढनार कोन?”

झाडणीनं वरची रांगोळी गेली, छिद्रांतली आत बसली. पाणी खालच्या विहिरीवरून आणायचं. एकानं खरवडायला खिळा घेतला, तेव्हा बाई ओरडल्या. वडील चिरेखाणीत असलेला एक मुलगा हळूच म्हणाला, “जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेनं कडक होतो. तरी खिळ्यानं जाईल.” त्या वर्गात दगडाची ही जाण त्याच्याइतकी कुणाला नव्हती, आणि असे सडेच खाणींत जातात हेही त्यालाच सगळ्यात जवळून ठाऊक. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

अशा सहलींना माझं एकच सांगणं आहे: गुराख्याला आधी बोलवा, साहेबांना नंतर. त्या दिवशी आजोबांना कुणी बोलावलंच नव्हतं. फोटोतही ते नाहीत.

आणि तरी तो फोटो माझ्या फोनमध्ये आहे. वरून घेतलेला, शेपटीसकट अख्खा पाकट दिसणारा तेवढा एकच. कातळशिल्प म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी तोच दाखवतो.