दगड वाजवून घ्यावा

वाटूर फाट्यावर जालन्याहून आलेला रस्ता फुटतो. एक परतूरला जातो, दुसरा मंठ्याकडं. तिथून चार पावलांवर माझं पत्र्याचं दुकान. दारात आलं की आधी लेथ दिसतो, बटाल्याचा, माझ्याआधी दोन मालक बघितलेला. गिऱ्हाईक त्याच्याकडंच बघत बसतं. चक फिरतो, चिप्सची वेटोळी पडतात, कुलंटचा धूर निघतो. बघण्यासारखं सगळं तिथंच. कोपऱ्यात आठ इंची दगडाचा बेंच ग्राइंडर आहे, त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. धंदा मात्र त्याच्यावर चालतो. टूलला धार नीट असली तर बेड झिजलेला लेथसुद्धा काम काढून देतो. धार चुकली की नवं मशीनही कुंथतं.

माझ्याकडचं काम एकट्यादुकट्याचं. रोटाव्हेटरचा मोडका शाफ्ट, पाण्याच्या मोटारीचा घासलेला बुश, गिरणीची पुली, उन्हाळ्यात रसवंतीचे रूळ. वाळूजच्या कंपनीत एकच नग हजारोंनी काढायचा असतो. तिथं कार्बाइडचा इन्सर्ट लावतात, टोक झिजलं की फिरवतात, सगळी टोकं संपली की टाकून देतात. त्यांचं बरोबरच आहे. पण माझ्याकडं सकाळी गनमेटल असतं, दुपारी ओतीव लोखंड आणि दिवे लागायच्या वेळी कुणाच्या तरी ट्रॅक्टरची पिन. प्रत्येकाची धार वेगळी. पोलादाला टूलच्या माथ्यावर उतार लागतो, नाहीतर चिप उचलत नाही. तोच उतार ठेवून पितळेला कट मारा, टूल आपणहून आत ओढलं जातं आणि जॉब चकमधून उपटतो. म्हणून पितळ किंवा गनमेटल आलं की मी आधी दगडावर जाऊन माथा सपाट करतो. दोन मिनिटांचं काम. गिऱ्हाईकाला वाटतं, मिस्तरी टाइमपास करतोय.

हे मी जालन्यात शिकलो. सळया काढणाऱ्या मिलचे रूळ जिथं टर्निंगला यायचे त्या दुकानात होतो. चिल्ड कास्टिंगचा रूळ, म्हणजे वरचं कवच काचेसारखं कडक. लेथवर तो इतका सावकाश फिरायचा की फेरे तोंडानं मोजावेत. त्याच्या अंगावर सळईच्या मापाची खाच काढायची, आणि खाच काढणारं फॉर्म टूल हातानं घासायचं. उस्ताद टूलला गेज लावून ट्यूबलाइटसमोर धरायचा. मधून उजेडाची रेघ दिसली की एक शब्द न बोलता टूल परत माझ्या हातात. पहिल्या दिवशी ते सतरा वेळा परत आलं. एवढं कशाला, असं तेव्हा वाटायचं. मग कुणीतरी हिशोब सांगितला. 12 मिलिमीटरच्या सळईचं वजन मीटरला 888 ग्रॅम. खाच मोठी होऊन सळई 12.2 ची झाली की मीटरमागं 30 ग्रॅम लोखंड फुकट जातं. मिलमधून दिवसभरात किती मीटर सळई पळते याचा विचार केला, आणि उजेडाची ती रेघ मलाही दिसायला लागली.

उस्तादाचं एक मात्र मला पटलेलं नाही. टूल निळं पडलं की गेलं, असं तो म्हणायचा आणि खेकसायचा. साध्या कार्बन स्टीलच्या बाबतीत ते खरं आहे. विळ्याला, पटाशीला लोहारानं दिलेलं पाणी निळा रंग आला की उतरतं. हायस्पीड स्टीलचं तसं नाही. अमेरिकेत टेलर आणि व्हाइट या जोडीनं ते पोलाद कमावलं आणि 1900 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात लाल झालेल्या टोकानं लोखंड कापून दाखवलं. जे लाल होऊन कापतं, ते निळं पडून काय मरणार? त्याला मारते आपली घाई. तापलेली बिट सवयीनं पाण्यात बुडवली की धारेत केसाएवढ्या चिरा पडतात, आणि कट सुरू झाला की टोकाचा टवका उडतो. कार्बाइडची टीप असेल तर पाणी अजिबातच नको. तिला हिरवा दगड लावायचा, हलक्या हातानं, तोंडाला फडकं बांधून. उस्तादाला हे कधी बोललो नाही. त्याचे नियम त्याच्या उस्तादाचे होते, आणि त्या काळी बिट वेगळी असणार.

दगडाबद्दल मात्र तो बोलला ते सगळं खरं निघालं. लोखंड घासायचा दगड म्हणजे कुरुंदच, फक्त भट्टीत केलेला. त्याच्यावर चिकटवलेल्या कागदावर अक्षरं आणि आकडे असतात, ते बहुतेक लोक वाचत नाहीत. आकडा दाण्याचा: 36 म्हणजे भरड, 80 म्हणजे बारीक. पुढचं अक्षर दगड दाणे किती घट्ट धरतो ते सांगतं. इथं नवशिक्या हमखास फसतो. कडक पोलादाला मऊ दगड लागतो. दाणा बोथट झाला की तो गळून खालचा ताजा दाणा वर यायला हवा, आणि कडक दगड बोथट दाणा सोडतच नाही. मग त्याच्या तोंडाला चकाकी येते, तो कापत नाही, नुसता तापवतो. आमच्या घरी जातं होतं. टाकी गुळगुळीत झाली की पीठ जाडंभरडं पडायचं आणि आईचे खांदे भरून यायचे. मग टाकी लावून घ्यायची. ग्राइंडरला ड्रेसर लावणं म्हणजे तीच टाकी. पितळ आणि ॲल्युमिनियम या दगडावर घासायचं नसतं, मऊ धातू दाण्यांत भरून बसतो. तरी कुणीतरी ॲल्युमिनियमचं झाकण घेऊन येतंच, "मिस्तरी, येवढं जरा घासून द्या."

आणि वाजवणं. नवा दगड बोटावर लटकवायचा, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच टकटक करायची. बाजारात मडकं घेताना बायका वाजवतात तसंच. खणखणीत वाजला तर बसवायचा. बद्द वाजला तर आत चीर आहे. आठ इंची दगड मिनिटाला 2800 फेरे घेतो, म्हणजे त्याची कड ताशी शंभर किलोमीटरच्या वर पळते. फाट्यावरून जाणारी ट्रॅव्हल्सही एवढी पळत नसेल.

माझा एक फुटलाय. जालन्याहून मोटारसायकलच्या पिशवीत आणला होता. गतिरोधकावर पिशवी आपटली, हे मला माहीत होतं. तरी न वाजवता बसवला, कारण गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं. बटण दाबून मी सवयीनं बाजूला झालो, म्हणून हे लिहितोय. एक तुकडा गार्डनं धरला, दुसरा पत्र्यातून वर गेला. ते भोक अजून आहे, पावसाळ्यात खाली डबा ठेवतो. त्या दिवसापासून नवा दगड बसवला की पूर्ण मिनिटभर रिकामा फिरवतो आणि त्याच्या समोर उभा राहत नाही. टूल रेस्ट आणि दगडात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवत नाही. दगड झिजेल तशी रेस्ट पुढं घ्यायची, नाहीतर बारीक जॉब फटीत ओढला जातो, मागं बोट.

हातग्राइंडरचं सांगून तोंड दुखलं. चार इंची मशीनचं गार्ड काढायचं आणि सात इंची चकती लावायची, कारण लवकर कापतं. चकतीवर सेकंदाला 80 मीटर असं छापलेलं असतं; या जुगाडात तिची कड शंभराच्या पुढं जाते. माझ्या दुकानात ते होत नाही. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

परवा एकजण भंगारातून शाफ्ट घेऊन आला. "ईएन-8 आहे, दुकानदारानं सांगितलंय." मी काही न बोलता टोक दगडाला टेकवलं. पिवळसर लांब काड्या निघाल्या, शेवटाला फुलं अगदी तुरळक. ईएन-8 एवढा कार्बन असता तर ठिणगी फुटून झुबका झाला असता. ओतीव असतं तर लालसर, आखूड पडली असती. "दादा, हे साधं माइल्ड स्टील आहे, रोटाव्हेटरला महिनाभर टिकणार नाही." त्यानं शाफ्टकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि परत बांधून घेऊन गेला. माझं पन्नास-साठ रुपयांचं काम गेलं.

त्याच संध्याकाळी नवा दगड आणला. हाताखालच्या पोराला म्हटलं, वाजव. त्यानं बोटावर लटकवला, टकटक केली, कान लावला. बाहेर मोसंबीनं भरलेला ट्रक मंठ्याच्या वळणावर हॉर्न दाबून उभा होता.

"वाजला का?"

"कळना, काका."

"ट्रक जाऊ दे."

दोघं दगडाकडं बघत उभे राहिलो.