कीर्द, खतावणी आणि लिस्ट

मैंदर्गीला आमच्या काकांचं किराणा दुकान होतं. गल्ल्याशेजारी दोन वह्या. कीर्दीत व्यवहार होतील तसे तारखेनुसार उतरवायचे, आणि खतावणीत प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पान. गिऱ्हाईक कन्नडमध्ये विचारो की मराठीत, बाकी सांगायला काका खतावणीच उघडत. तीच बाकी कीर्दीतून काढायची तर वर्षभराची पानं चाळायला हवीत. आणि चाळणारा माणूस दिसतो हो!

प्रोग्रामिंगमध्ये तो दिसत नाही. खरी गोची तिथेच आहे असं मला वाटतं.

जावाची लिस्ट घ्या. १९९८ साली जावा १.२ बरोबर कलेक्शन्स आली, डिझाइन जोशुआ ब्लॉक यांचं. अ‍ॅरेलिस्ट काय, लिंक्डलिस्ट काय, दोन्ही 'लिस्ट'च. कितव्याही जागेचा घटक मागायची गेट ही मेथड दोघींना सारखीच. पण अ‍ॅरेलिस्ट थेट त्या जागी जाते, तर लिंक्डलिस्ट जवळच्या टोकापासून एकेक कडी मोजत निघते. १ लाख नोंदी लूपमध्ये गेटने वाचल्या तर जवळजवळ अडीच अब्ज पावलं होतात! इटरेटरने तेच काम १ लाख पावलांत होतं.

असा कोड मी दुसऱ्यांच्या प्रोजेक्टमध्ये पाहिलाय. टेस्टमध्ये दोनशे नोंदी, त्यामुळे सगळं झकास. गिऱ्हाइकाकडे गेल्यावर स्क्रीन गोठलेला. लिहिणाऱ्याला दोष द्यायला माझं मन घेत नाही. इंटरफेसनेच तर त्याला "खुशाल माग" म्हटलं होतं.

अलेक्झांडर स्टेपानोव यांनी सी++ च्या एसटीएलमध्ये वेगळा रस्ता धरला. कुठल्या कामाला किती वेळ लागेल हा तिथे कराराचाच भाग. व्हेक्टरला चौकटी कंसातला इंडेक्स आहे, लिस्टला तो दिलेलाच नाही. जावाने २००२ मध्ये, १.४ मध्ये, रँडमअ‍ॅक्सेस नावाचा इंटरफेस आणला, पण त्यात एकही मेथड नाही. नुसती पाटी! लायब्ररी स्वतः ती वाचते, आपण कुठे वाचतो?

अर्थात जावावाल्यांचंही म्हणणं खोटं नाही. प्रत्येक फरकाला वेगळा इंटरफेस काढला तर डझनांनी होतील आणि शिकणारा पळून जाईल. म्हणून त्यांनी न बदलता येणाऱ्या लिस्टलाही अ‍ॅड मेथड ठेवली. बोलावली की एक्सेप्शन तोंडावर. हे मला लिंक्डलिस्टपेक्षा बरं वाटतं, निदान लगेच ओरडतं तरी. उलट लिंक्डहॅशसेटचा शेवटचा घटक हवा असेल तर सगळा सेट फिरा, अशी स्थिती होती. सगळ्या क्रमवार कलेक्शन्सना 'पहिला द्या, शेवटचा द्या' म्हणायची एकच रीत मिळायला २०२३ चं जावा २१ उजाडावं लागलं.

असो. मी स्वतः लायब्ररी लिहितो तेव्हा जे स्वस्तात देता येत नाही त्याची मेथडच ठेवत नाही. परवा टीममधल्या एका पोराने अशीच एक मागितली, "सर, दोन ओळींचं तर काम आहे." नाही म्हटलं. तो अजून नाराज आहे.