भुकेची ओळख

पदवीच्या शेवटच्या वर्षापासून जवळजवळ दीड वर्ष मला भूक लागल्याचे आठवत नाही. सोलापूरच्या आमच्या घरात ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, सणाला खिचडा, सगळे समोर असायचे आणि मी घास ताटात फिरवत बसायचे. दादी म्हणायची, नजर लागली. खालाने पाणी दम करून आणले. शेजारणी मात्र कौतुक करायच्या, "किती छान बारीक झालीस!" पाळी बंद झाली, केस गळू लागले आणि सोलापूरच्या मे महिन्यात मी स्वेटर घालून बसू लागले, तेव्हा अब्बा मला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव तेथे पहिल्यांदा ऐकले. हा मुलीचा नखरा नाही, जिवावर बेतू शकणारा आजार आहे, हे डॉक्टरांनी अम्मीला समोर बसवून समजावले.

पहिले काही दिवस रुग्णालयात गेले. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येऊ शकते व हृदयाला धोका होतो. म्हणून अन्न रक्त तपासत तपासत वाढवतात. "खा गं, पोटभर खा" म्हणणाऱ्या घरच्यांना हे माहीत असलेले बरे.

त्यानंतर समुपदेशक मॅडमकडे जाणे सुरू झाले. त्या माझ्या मनातले विचार विचारतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी विचारले, "आत्ता तुझे तळपाय गार आहेत की गरम?" मला सांगता येईना. हात लावून पाहावे लागले. भूक, थंडी, थकवा, लघवीची जाणीव, शरीर आतून जे जे कळवत असते ते मला ऐकूच येत नव्हते. या आजारात शरीराच्या आतल्या खुणा ओळखण्यात गडबड होते, हे हिल्डे ब्रुक या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1962 सालीच लिहून ठेवले होते, असे मॅडमनी सांगितले.

मग सुरू झालेले धडे बालवाडीतले वाटावेत असे होते. खुर्चीत बसून दोन्ही पाय जमिनीवर दाबायचे. चहाचा कप तळहातांत धरून ऊब कुठपर्यंत जाते ते पाहायचे. जेवणाआधी पोटावर हात ठेवून काही श्वास, आणि नंतर काय होते आहे ते शब्दांत सांगायचे. "भीती वाटते" हे उत्तर चालत नसे. "घसा आवळतो, हात गार पडतात" असे सांगावे लागे. काही आठवड्यांनी माझ्या लक्षात आले की घसा आधी आवळतो आणि "मी जाड होईन" हा विचार त्याच्या मागून येतो. घसा आवळलेला असतानाही घास गिळता येतो, आणि थोड्या वेळाने तो आपोआप सैल होतो, हे मला कुणी वाद घालून पटवू शकले नसते.

पण शरीराचे ऐका म्हणजे भूक लागेल तेव्हा खा, असे नाही. उपासमारीत जठर रिकामे व्हायला जास्त वेळ लागतो, म्हणून चार घासांतच पोट फुगते. ती खूण त्या काळात खोटी असते. आमच्या घरी जेवण घड्याळावर होते: तीन जेवणे, तीन वेळा मधले खाणे, आणि अम्मी शेजारी. डोके ताळ्यावर यायलाही आधी अन्नच लागते. 1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते चिडचिडे, उदास झाले, रात्रंदिवस खाण्याचाच विचार करू लागले, काहीजण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. हे ऐकून अम्मी रडली. ही आपल्या मुलीचीच गोष्ट आहे, म्हणाली.

कुणीतरी सूर्यनमस्काराचा वर्ग सुचवला होता. मॅडमनी साफ नाही सांगितले. जिला खाल्लेले जाळण्याचीच ओढ आहे तिच्या हाती नवा व्यायाम द्यायचा नसतो. जे करायचे ते सावकाश, घाम न येणारे.

एकदा त्यांनी विचारले, दिवसात तुझे शरीर जमिनीला सर्वांत जास्त कधी टेकते? मी म्हटले, सजद्यात. कपाळ, तळहात, गुडघे, पायाची बोटे. हाडे इतकी वर आली होती की मुसल्ल्याखाली दादी वाकळ घालून देई. नमाजला व्यायाम किंवा उपचार म्हणणे मला पटत नाही, ती इबादत आहे. पण नमाजनंतर तेथेच दोन मिनिटे बसून कुठे कुठे भार येतो ते पाहायची सवय मला लागली.

सर्वांत अवघड गेला तो रमजान. रोजा ठेवणे मला सोपे होते, उपाशी राहण्यात तर मी तरबेज होते. डॉक्टरांनी सक्त मनाई केली. सूरह बकरामध्ये आजाऱ्याला सवलत आहे हे मला पाठ होते, तरी सगळे घर रोजेदार असताना दुपारी दोन वाजता वरणभात खाणे म्हणजे शिक्षा वाटे. पाहुण्या बायका विचारत, "रोजा नाही का?" अब्बांनी एके दिवशी हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांची हकिकत सांगितली. ते रोजच रोजा ठेवत, रात्र रात्र जागत. प्रेषितांनी (स.) त्यांना अडवले आणि शरीराचाही माणसावर हक्क असतो याची आठवण दिली. अब्बा एवढेच बोलून उठले. मी भात संपवला.

खरी भूक त्यानंतर काही महिन्यांनी आली. भांडी घासताना पोटात काहीतरी ओढल्यासारखे झाले. मला वाटले कळ आली, म्हणून हात ठेवून पाहिला. दादी म्हणाली, "अगं, भूक लागलीय तुला." मी ओल्या हातांनीच शिळी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

पाळी परत सुरू झाली आहे. रोजाची परवानगी अजून नाही. राहिलेल्या रोजांचे काय करायचे ते अब्बा इमामसाहेबांना विचारून आले आहेत. या रमजानमध्येही मी सहेरीला सर्वांबरोबर उठणार, अम्मीला भाकऱ्या भाजू लागणार, आणि सकाळी नऊ वाजता माझा नाश्ता करणार.