लॉक हातात असताना

डेडलॉक टाळायचा तर सगळ्यांनी लॉक एकाच क्रमाने घ्यावेत, हे कर्नलमध्ये काम करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. दोन रनक्यू लागणार असतील तर त्यांचे लॉक ठरलेल्या क्रमानेच घ्यायचे, आणि लिनक्सच्या मेमरी विभागात आरमॅपच्या फाइलच्या माथ्यावर जशी लॉकांची उतरंड लिहिलेली आहे तशी आपल्याही कोडमध्ये लिहायची. ही शिस्त मला प्रिय आहे. अशी उतरंड नेमकी लिहिता आली की अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही. पण या अभिमानापायीच एक गोष्ट नजरेआड होते, असं आता माझं ठाम मत झालं आहे. उतरंड लागू पडते ती नाव असलेल्या लॉकांना. कर्नल अडकतो तो मात्र कुणीतरी थांबल्यामुळे, आणि थांबण्याच्या कितीतरी जागांना लॉक हे नावच नसतं.

कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी १९७१ मध्ये डेडलॉकच्या चार अटी मांडल्या. त्यांतली वर्तुळाकार प्रतीक्षेची अट मोडण्यात आपली सगळी मेहनत खर्च होते. हातातलं न सोडता दुसऱ्याची वाट पाहायची, ही अट मात्र आपण अपरिहार्य मानून सोडून देतो. राइटचा मार्ग बघा. एखाद्या प्रोग्रामने फाइल एममॅप केली आणि त्याच मॅपिंगमधला पत्ता त्याच फाइलवर लिहिण्यासाठी बफर म्हणून दिला. कर्नल पेज कॅशमधल्या पानावर लॉक घेतो आणि बफरमधून बाइट उचलू लागतो. बफरचं पान म्हणजे नेमकं हेच पान, आणि त्यात फाइलचा मजकूर अजून भरलेला नाही, म्हणून पेज फॉल्ट होतो. फॉल्ट हाताळणारा कोड मजकूर वाचण्यासाठी पानाचा लॉक मागतो, आणि तो तर याच थ्रेडने धरलेला आहे. थ्रेड एकच, लॉक एकच, आणि तरी कायमचं अडकणं. इथे क्रम कुणी चुकवला? कोडमध्ये तर फक्त एक साधी कॉपी दिसते. लिनक्सने बरीच वर्षं वापरलेला उपाय मला फार आवडतो: लॉक घेण्याआधीच बफरच्या पानाला हात लावून ते मेमरीत आणायचं, मग लॉक घ्यायचा आणि फॉल्ट बंद ठेवून कॉपी करायची. तेवढ्यात पान पुन्हा निघून गेलं तर कॉपी अपुरी राहते. मग लॉक सोडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. क्रमाला धक्काही न लावता थांबणंच लॉकच्या बाहेर काढलं आहे.

मेमरी मागण्याचंही तसंच. फाइलसिस्टमचा लॉक धरून मेमरी मागितली, ती अपुरी पडली, की रिक्लेम सुरू होतो आणि पानं मोकळी करण्यासाठी त्याच फाइलसिस्टमच्या दारात येऊन उभा राहतो. यासाठी नोएफएस हा फ्लॅग आहे. पण वर्षानुवर्षं तो मागणीच्या प्रत्येक जागी चिकटवला गेला, कुठे गरज म्हणून, तर कुठे नुसताच भीतीपोटी. २०१७ मध्ये मेमॲलॉक-नोएफएस-सेव्ह आलं, आणि धोका जिथून सुरू होतो तिथेच तो नोंदवायची सोय झाली. ड्रायव्हर काढताना म्यूटेक्स धरून वर्कक्यूतलं काम संपण्याची वाट पाहायची, आणि त्या कामालाच तो म्यूटेक्स हवा असायचा, हा प्रकारही याच जातीचा.

कुणी म्हणेल, यासाठी लॉकडेप आहे की. २००६ मध्ये इंगो मोल्नार आणि आर्यन व्हान दे व्हेन यांनी ते आणलं, आणि कर्नलच्या कारागिरीत त्याच्या तोडीची साधनं थोडी. डेडलॉक घडायची गरजच नाही. एकदा अ-ब आणि कधीतरी ब-अ असा क्रम दिसला की ते ओरडतं. पण वर्कक्यू आणि रिक्लेम पकडण्यासाठी त्यांनाही खोटे लॉक मानावं लागलं. माझं म्हणणं यातूनच पक्कं होतं. कम्प्लिशनची वाट पाहणंही असंच पकडायचा प्रयत्न २०१७ मध्ये झाला, आणि खोट्या तक्रारींमुळे लवकरच मागे घेतला गेला. शिवाय लॉकडेप जाणतं ते प्रत्यक्ष धावलेले मार्ग, आणि पहिल्या तक्रारीनंतर ते स्वतः बंद होतं.

लॉकडेप ओरडलं की तिथे नेस्टेड लावून त्याला गप्प करायचं, ही सवय मला सगळ्यांत जास्त खुपते. ती वाढते आहे असं मला वाटतं. नेस्टेड म्हणजे 'एकाच वर्गातले हे दोन लॉक सुरक्षित क्रमाने घेतले आहेत' असं दिलेलं वचन, आणि वचनामागे कारण लागतं. अल विरो यांनी डिरेक्टरी लॉकिंगवर लिहिलेला दस्तऐवज बघा. रीनेममध्ये दोन वेगळ्या डिरेक्टऱ्या असतील तर आधी सबंध फाइलसिस्टमचा रीनेम म्यूटेक्स घ्यायचा, कारण झाडच हलत असेल तर पूर्वज कोण हेही ठरवता येत नाही. मग पूर्वजाचा लॉक आधी. डेडलॉक का होणार नाही याची सिद्धताही तिथे मांडलेली आहे. वचन द्यायचं तर असं.

खरा आक्षेप वेगळा आहे. थांबण्याआधी लॉक सोडला तर मधल्या काळात जग बदलतं आणि डेडलॉकच्या जागी रेस येते. हे मला मान्य आहे. अडकलेला कर्नल निदान दिसतो, बिघडलेला डेटा महिनोन्महिने दिसत नाही. १९९६ मध्ये आलेला बिग कर्नल लॉक झोपताना आपोआप सुटायचा, त्यामुळे तो सहसा अडकायचा नाही, पण आपला डेटा नेमका कुठे उघडा पडतो ते वापरणाऱ्याला कळायचंच नाही. तो पूर्ण काढायला २०११ उजाडलं. म्हणून सोडायचा तो उघडपणे, आणि परत घेतल्यावर प्रत्येक गृहीतक पुन्हा तपासायचं. ग्राफिक्सच्या बफरांचा क्रम वापरकर्ता ठरवतो, तिथे उतरंड लिहिताच येत नाही. २०१३ मध्ये आलेल्या वूंड-वेट म्यूटेक्समध्ये जुनं तिकीट असलेल्याशी गाठ पडली की नवं तिकीट असलेल्याने हातातले सगळे लॉक सोडून मागे फिरायचं. रचना गुंतागुंतीची आहे, पण सोडण्याची जागा कोडमध्ये लख्ख दिसते.

तेव्हा पॅच पाठवणाऱ्यांना एक विनंती. उतरंडीची टिप्पणी लिहाच, पण तिच्याखाली आणखी एक ओळ लिहा: हा लॉक धरलेला असताना मेमरी मागता येते का, वापरकर्त्याच्या पानाला हात लावता येतो का, कुणाचं काम संपण्याची वाट पाहता येते का.