सावंतवाडीची अबोली

कोल्हापूरहून आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरलं, की सावंतवाडी. मोती तलाव आणि लाकडी खेळणी सगळेच पाहतात. आम्हा बायकांचे पाय मात्र बाजारात वळेसर घेऊन बसलेल्या मावशींपुढे थांबतात. अबोलीचा रंग केशरी म्हणावा तर केशरी नाही, गुलाबी म्हणावा तर गुलाबीही नाही. म्हणून तर साडीच्या दुकानात आपण "अबोली रंगाची दाखवा" असंच म्हणतो. वास नाही म्हणून काहीजणी नाक मुरडतात. पण रात्री माळलेला मोगरा सकाळी मान टाकतो, अबोली दुसऱ्या दिवशीही टवटवीत!

आमच्या ह्यांच्या आत्याबाई जवळच्याच एका खेड्यात राहतात. त्यांच्या विहिरीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीची, बारमाही हिरवीगार अबोली आहे. हे झुडूप दक्षिण भारत आणि श्रीलंकेतलं, म्हणजे बाहेरून आलेलं नव्हे. शहरातल्या मुली कोरांटीलाच अबोली समजतात. त्यात नवल नाही, दोन्ही अडुळशाच्याच कुळातल्या. पण पिवळ्या कोरांटीला काटे असतात, अबोलीला नाहीत. शिवाय अबोलीच्या सगळ्या पाकळ्या एकाच बाजूला, उघडलेल्या पंख्यासारख्या पसरतात. मागे बारीक लांब नळी. फुलं चौकोनी हिरव्या कणसावर खालून वर उमलत जातात.

आत्याबाईंनी एक सुकलेलं कणीस तोडून माझ्या तळहातावर ठेवलं, वर पाण्याचे चार थेंब टाकले आणि म्हणाल्या, "आता गप्प ऱ्हव." थोड्याच वेळात तड्‌तड् आवाज करीत बोंडं फुटली आणि बिया थेट पदरावर उडाल्या! एका बोंडात चार बिया. पहिल्या पावसात झाड आपली पेरणी अशी आपणच करतं.

नर्सरीत 'दिल्ली' जातीची अबोली मिळते. दिसायला झोकदार, पण तिला बी धरत नाही. फांद्या लावूनच ती वाढवावी लागते. गावठी अबोलीचं बी मात्र हातोहात फिरतं. तेच आता अडलंय. आत्याबाईंच्या वाडीतल्या कितीतरी घरांना कुलपं आहेत, आणि उन्हाळ्यात पाणी घालायला माणूस नसेल तर अबोली तग धरत नाही. त्यांची स्वतःची मुलंही मुंबईला. म्हणून घरी येईल त्या लेकीसुनेच्या हातात त्या बियांची पुडी ठेवतात. मलाही मिळाली.

बी धरायचं तर कणीस तपकिरी होऊ लागताच त्यावर मलमलीचा तुकडा सैलसर बांधावा, नाहीतर बिया अंगणभर! कुंडीच्या तळाला खापऱ्या घालाव्या, माती आणि शेणखत भुसभुशीत ठेवावं. बी वरवरच पेरावं. उगवायला काही आठवडे लागतात, तेव्हा रोज उकरून पाहू नये (मुलांना आधीच बजावा!). सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली तिला मानवते. माती ओलसर हवी, पण पाणी साचलं की मुळं कुजतात. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा पाणी कमी करावं. बी नको असेल तेव्हा सुकली कणसं खुडून टाकावीत, म्हणजे नवी लवकर येतात.

माझ्या गच्चीत सध्या सात रोपं आहेत. त्यांतली दोन शेजारच्या वहिनींसाठी राखून ठेवली आहेत. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याचं.