मदार कशावर?

गेल्या डिसेंबरात आम्ही बडोद्याहून जैसलमेरला गेलो होतो. समच्या वाळूत उंटावर बसल्या बसल्या माझ्या सात वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, याच्या मदारीत किती पाणी असतं?"

"बरंच!" मी ठोकून दिलं.

दोरी धरून चालणारे काका हसले. "पाणी नाही साहेब, चरबी. चारा मिळाला नाही की ती कामी येते."

बी.ई. झालेल्या बापाची चांगलीच जिरली. रात्री हॉटेलवर लेक झोपल्यावर मी वाचत बसलो. आपलं अंग तापलं की लगेच घाम येतो, म्हणजे आपला एसी चालू होतो. तहानलेला उंट मात्र एसी लावायची घाईच करत नाही. पहाटे त्याचं तापमान ३४ अंशांपर्यंत उतरतं, दुपारी ४० पर्यंत चढतं. तोवर घाम जेमतेम. दिवसभराची उष्णता रात्रीच्या गारव्यात आपोआप निघून जाते. उच्छ्वासातली बरीचशी वाफही तो नाकातच अडवतो. वजनाच्या पाव हिश्शाइतकं पाणी घटलं तरी तो तग धरतो आणि पाणी दिसलं की दहा मिनिटांत १०० लिटर पितो. त्याच्या रक्तातल्या लंबगोल पेशी तेव्हा फुगतात, पण फुटत नाहीत.

थोडक्यात, त्याची मदार साठवण्यावर नाही, वाया न घालवण्यावर आहे.

सकाळी काका पुन्हा भेटले. मी उत्साहाने हे सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "वाळवंट त्याचं काही बिघडवत नाही साहेब. पण चरायला जागा उरली नाही, ओझी पिकअपमधून जातात. माझ्याकडे अकरा होते, आता दोन आहेत. मुलगा जीप चालवतो."

राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राणी केलं. पण पशुगणनेत २०१२ साली देशात चार लाख उंट होते, ते २०१९ मध्ये अडीच लाखांवर आले. हे आकडे मी रात्रीच वाचले होते. काकांना सांगायची गरजच नव्हती.

"मग हे दोन कुठे जाणार?" लेकीने विचारलं. काकांनी उंटाच्या मानेवरून हात फिरवला. मी खिशातल्या मोबाईलला हात लावला. त्या दिवसाची जीप सफारी मी बडोद्याहूनच बुक करून ठेवली होती.

ती रद्द केली. ॲडव्हान्स बुडाला. दोन्ही उंट दिवसभरासाठी घेतले. यातून काकांचा प्रश्न सुटला नाही, हे मला कळतं. पण लेक आता वर्गात सगळ्यांना ठणकावून सांगते, "मदारीत पाणी नसतं!"