बिनपाकळीचा संसार

‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणत आपण गणपतीच्या वर्गणीत एकावन्न रुपये सरकवतो, तेव्हा फुलाला पाकळी असणारच, हे गृहीत धरलेलं असतं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या भाच्यानं तीही सोय ठेवली नाही. दारच्या गुलबाक्षीकडे वर्गणी मागितली, तर तिला आख्खं फूलच द्यावं लागेल म्हणे. पाकळी तिच्याकडे नाहीच!

“मग ते गुलाबी काय आहे?” सौ.नं विचारलं. देवाच्या फुलांचं खातं तिच्याकडे असल्यामुळे आवाज जरा चढला होता.

“निदल, मामी. जास्वंदीच्या तळाशी हिरवा पेला असतो ना, तो. इथे तोच रंगून पुढे आलाय. आणि गुलबाक्षीखाली जो हिरवा पेला दिसतो, ती नुसती पानं.”

म्हणजे सरळ ऑफिसातला प्रकार! साहेबांची जागा रद्द, हेडक्लार्क साहेबांच्या खुर्चीत, हेडक्लार्कच्या खुर्चीत शिपाई, आणि फायली बिनबोभाट चालू. बोगनवेल याच कुळातली. तिथे तर मिरवतात ती रंगीत पानंच. खरं फूल म्हणजे आतली बारीक नळी, आणि तीही निदलांचीच.

मी निवृत्त झाल्यावर माझी जागा भरलीच नाही. काम अडल्याचंही ऐकिवात नाही. त्यामुळे मी जरा आस्थेनं विचारलं, “पण एवढी पाकळी जाते, आणि झाडाला पत्ता लागत नाही?”

भाच्यानं कलौंजीच्या एका बहिणीची हकिगत सांगितली. निगेला दमासेना तिचं नाव. निळी निदलं, आणि आत मधाच्या इवल्या वाट्यांसारख्या पाकळ्या. तिच्या काही झाडांना त्या येतच नाहीत. त्या जागीही निदलंच उगवतात. 2013 साली कारण छापून आलं : पाकळी घडवणाऱ्या जनुकात एक उडता जनुक येऊन बसला होता. (असे उडते जनुक मक्यात शोधणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक बाईंना 1983 साली नोबेल मिळालं.) भाडेकरू शिरला आणि खोली कायमची गेली, हे मला चटकन समजलं.

गंमत पुढेच आहे. या कुळात त्या जनुकाचे तीन भाऊ आहेत. दोघे पुंकेसरांचं बघतात, तिसरा फक्त पाकळ्यांचं. त्यामुळे तिसरा बसला तरी परागाचं काम थांबत नाही, बी धरतं. सह्याद्रीतली रानजाई ज्या क्लेमॅटिस मंडळींतली, त्यांच्याकडेही सहसा पाकळ्या नाहीत आणि तिसरा भाऊ निकामी होऊन पडलाय.

भातात मात्र दोन्ही खाती एकाच जनुकाकडे. तो बिघडला की पुंकेसरांच्या जागी स्त्रीकेसर उगवतात. शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलंय ‘सुपरवुमन’! सौ. तेवढ्यापुरती खूश झाली.

आणि भाताच्या पाकळ्या? गवतच ते, त्याला फुलपाखरांची खुशामत करायची नसते. पाकळ्यांचे दोन बारीक खवले तेवढे उरलेत. वेळ झाली की ते पाण्यानं फुगतात आणि तूस बाजूला सारून फूल उघडतात. म्हणजे बाकी सगळं गेलं, पण दार उघडण्याचं काम राहिलं.

हल्ली आमच्याकडे बेल वाजली की सौ. आतून नुसती हाक मारते, “अहो, खवले!”